लिलावाआधीचा श्वास

चांदवडला निवांतपणा शोधायला कुणी येत नाही. आग्रा रोड गावाला खेटून जातो आणि राहुड घाटातून येणारे ट्रक मध्यरात्रीही हॉर्नवरचा हात काढत नाहीत. नवरात्रात रेणुकामातेच्या देवळाकडे पाय ठेवायला जागा नसते, आणि कांद्याचा हंगाम लागला की बाजार समितीपुढे ट्रॅक्टरांची रांग. मागे चांदवडचा किल्ला, राजदेर, इंद्राई सगळं ऐकून घेत उभे असतात. त्यांचं बरं आहे, त्यांना कांदा विकायचा नसतो.

हाच रस्ता धरून नाशिक गाठलं की शहराच्या पलीकडच्या टोकाला त्रिरश्मी डोंगर लागतो. लोक पांडवलेणी म्हणतात. पांडवांचा तिथे काडीचा संबंध नाही. लेणी बौद्ध भिक्खूंची, एकूण 24. दहाव्या लेण्यातला उषवदात या क्षत्रपकालीन दात्याचा शिलालेख मला फार आवडतो, कारण तो चक्क हिशोबपट्टीसारखा आहे. सुमारे 1900 वर्षांपूर्वी त्याने 3000 कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी, गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे ठेवले. त्यातले 2000 दरमहा शेकडा एक व्याजाने. त्या व्याजातून पावसाळ्यात लेण्यात राहणाऱ्या वीस भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी 12 कार्षापण द्यायचे. करून बघा हिशोब: वर्षाचं व्याज 240, वीस बाराही 240. एक नाणं इकडेतिकडे नाही. डोळे मिटून बसणाऱ्यांसाठी कुणीतरी मागावर बसलेलं होतं, हे दगडात लिहून ठेवलंय म्हणून बरं. नाहीतर शांती म्हणजे वाऱ्यावर वाढणारं पीक, असंच आपण समजलो असतो.

प्रश्न मागावरच्या माणसाचा आहे. त्याने डोळे मिटून कधी बसायचं?

त्याचं उत्तर आणखी पुढे, त्याच रस्त्यावर, इगतपुरीला मिळतं. सत्यनारायण गोयंका 1969 मध्ये म्यानमारहून भारतात आले आणि 1976 पासून धम्मगिरी हे विपश्यना ध्यानाचं केंद्र उभं राहिलं. गोयंका व्यापारी, मुलाबाळांचे. त्यांचे गुरू सयाजी ऊ बा खिन तर म्यानमारचे, म्हणजे तेव्हाच्या बर्माचे, महालेखापाल, म्हणजे दिवसभर सरकारी फायलींत बुडालेला माणूस. ही विद्या आपल्यापर्यंत संसारी माणसांच्या हातून आली, हे मला मोठं आश्वासन वाटतं.

तिथल्या दहा दिवसांच्या शिबिरात पहाटे चारला घंटा होते. बोलायचं नाही, लिहायचं नाही, वाचायचं नाही. पहिले तीन दिवस आनापान, म्हणजे काम एकच: नाकपुड्यांपाशी, वरच्या ओठाच्या वर, येणारा-जाणारा श्वास जाणायचा. लांब आला तर लांब, आखूड आला तर आखूड. तो सुधारायला जायचं नाही. ऐकायला बालवाडीचा अभ्यास वाटतो. बसल्यावर मात्र शांतता राहते बाजूला, आधी कंबर बोलायला लागते, मग दहा वर्षांपूर्वीची जाऊबाई.

घरी आल्यावर सकाळ-संध्याकाळ तासभर बसा, असं सांगतात. घरात ते किती चालतं हे मी कुणाला सांगत नाही. चुलीपाशी मात्र थोडं टिकलं. बाजरीची भाकरी थापताना मन दुसरीकडे गेलं की कड फाटते. गव्हाच्या पोळीसारखी ती सांभाळून घेत नाही. तव्यावर टाकायची, वरून पाण्याचा हात फिरवायचा, पाणी सुकायच्या बेतात आलं की उलटायची. तेवढ्या वेळात एक पुरा श्वास येतो आणि जातो. मी तो बघते. मोबाइल तेव्हा पिठाच्या डब्यावर पालथा असतो, कारण हात पिठाचे असतात. आमच्या पिढीला एवढी सक्ती पुरेशी आहे.

खरी परीक्षा होते ती लिलावात. मार्च-एप्रिलात काढलेला उन्हाळ कांदा चाळीत जपायचा, सडका निवडून काढायचा, आणि पावसाळा सरत आला की ट्रॉली भरून समितीत न्यायची. मी एकदा वडिलांबरोबर गेले होते. व्यापाऱ्यांचा घोळका आमच्या ट्रॉलीपाशी आला. एकाने कांदा उचलला, दाबला, परत ढिगावर टाकला. पुकारा सुरू झाला. वडिलांचा हात फाळक्यावर, अंगठ्याच्या नखात लालसर साल अडकलेली. तेव्हा लक्षात आलं, माझा श्वास छातीतच थांबलाय. वडिलांचाही थांबलेला होता. मी माझा सोडला. मिनिटभरात घोळका पुढच्या ट्रॉलीकडे गेला आणि चार-पाच महिन्यांचा निकाल चिठ्ठीवर आला.

श्वास पाहिल्याने भाव क्विंटलला पाच रुपयांनीही चढला नाही, हे स्पष्ट सांगितलेलं बरं. वडिलांशी घरी येताना नीट बोलता आलं, एवढंच. एरवी त्या रस्त्यावर आमची भांडणं ठरलेली असतात.

अलीकडे ध्यान म्हणजे एकाग्रता वाढवा, काम दुप्पट करा, चिडू नका, अशी विक्री चालते. मला ते पटत नाही. नुसतीच एकाग्रता हवी असेल तर तळ्याकाठचा बगळा आपल्या सगळ्यांपेक्षा सरस आहे. बुद्धाच्या वाटेवर शील आधी, समाधी नंतर. वस्त्यावस्त्यांतल्या विहारांत वंदनेची सुरुवात त्रिसरण-पंचशीलाने होते आणि वर्षावासात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’चं वाचन चालतं, त्यात हा क्रम कधी चुकत नाही. जिवाला इजा नको, न दिलेलं घ्यायचं नाही, खोटं नको. काट्यावर माप मारणाऱ्याने डोळे मिटून श्वास मोजला, तर त्याचा माप मारणारा हात आणखी स्थिर होईल, एवढंच.

आणि शांत माणसाने गप्प बसावं, हेही यात कुठे नाही. 8 डिसेंबर 2023 ला कांद्यावर निर्यातबंदी आली, तेव्हा इथेच आग्रा रोडवर शेतकऱ्यांनी रास्ता रोको केला. शरद पवारही येऊन बसले. धीराचं उदाहरणही जवळच आहे: मनमाडवरून पुढे गेलं की येवला. तिथे 13 ऑक्टोबर 1935 ला बाबासाहेब आंबेडकरांनी हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं, आणि बौद्ध धम्माची दीक्षा घेतली 14 ऑक्टोबर 1956 ला. मधली 21 वर्षं त्यांनी वाचण्यात, तपासण्यात, लढण्यात घालवली. राग आणि कृती यांच्यात एवढं अंतर ठेवणारा माणूस या जिल्ह्यातल्या सभेत बोलून गेलाय, आणि आपल्याला व्हॉट्सअपवर उत्तर द्यायला दोन श्वासांचा धीर नसतो.

इगतपुरीला फी नसते. राहणं-जेवण जुन्या साधकांच्या दानातून चालतं, नाव मात्र आधी नोंदवावं लागतं आणि मोबाइल पहिल्याच दिवशी जमा करावा लागतो. दहा दिवस निघत नसतील तर राहू द्या. आजच्या रात्रीचं जेवण तेवढं मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून जेवा, आणि भाकरी कुणी केली ते विचारा.