वहीतील एक ओळ

मृगाचा पाऊस एकदा स्थिरावला की मांडवीचा समुद्र ओळखू येत नाही. एरवी संध्याकाळी जेट्टीवर वारा खात उभी राहणारी मंडळी घरी बसतात, काळसर वाळू लाटांखाली दिसेनाशी होते आणि १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असल्यामुळे मिरकरवाड्याच्या बंदरात होड्या एकमेकींना खेटून उभ्या असतात. घरभेटींसाठी आम्ही मुद्दाम हाच काळ निवडतो. माणसे घरी सापडतात. शिवाय कोकणातल्या संसाराची खरी स्थिती पावसाळ्यातच कळते. छतातून ठिपकणारे पाणी आणि डब्याच्या तळाला गेलेले तांदूळ पाहुण्यापासून लपविता येत नाहीत.

गतवर्षी जूनच्या तिसऱ्या आठवड्यात आम्ही धर्मग्रामातील एका तरुण जोडप्याकडे गेलो होतो. भाड्याच्या दोन खोल्या. तो होड्यांची इंजिने दुरुस्त करणाऱ्या कारखान्यात कामाला. ती एका खासगी दवाखान्यात मदतनीस, आणि संध्याकाळी घरी शिवणकाम. चार वर्षांची एक मुलगी. प्रार्थना झाली, चहा आला. मग तो जरा अडखळत म्हणाला, "फादर, तुमच्या ज्युबिलीची वर्गणी ऑगस्टात दिली तर चालेल का? आता बंदी आहे, कारखान्यात काम नाही."

येथे थोडा खुलासा केला पाहिजे. डिसेंबरात आमच्या गुरुदीक्षेला पंचवीस वर्षे पूर्ण होणार होती. धर्मग्रामाच्या समितीने रौप्यमहोत्सवाचा बेत आखला होता: मंडप, बँड, भोजन आणि एक स्मरणिका. प्रत्येक कुटुंबामागे दोन हजार रुपये वर्गणी ठरली होती. त्या बैठकीला आम्ही हजर होतो. संकोच दाखवावा तेवढा दाखविला आणि गप्प बसलो.

आम्ही म्हणालो, "अरे, ऑगस्टात दे, नाहीतर देऊही नकोस." ते ऐकून ती आत गेली आणि शंभर पानी वही घेऊन आली. "तसे नाही, फादर. आम्ही लिहून ठेवले आहे," असे म्हणून तिने पान उघडून आमच्यापुढे धरले.

आम्ही आयुष्यात पुष्कळ हिशेब पाहिले आहेत; देवळाचे, शाळेचे, दुरुस्त्यांचे. इतका प्रामाणिक हिशेब क्वचित पाहिला. डाव्या बाजूला दोघांची मिळून कमाई, तीस हजार. उजव्या बाजूला भाडे ६,५००, वाणसामान ७,०००, दूध, भाजी, मासळी ३,०००, गॅस, वीज, फोन २,५००, मुलीची शाळा २,०००, औषध आणि प्रवास २,०००, चर्च ५००. त्याखाली दोन ओळी लाल शाईने अधोरेखित केलेल्या होत्या: 'पोस्ट ५,०००' आणि 'पावसाळा १,५००'. बेरीज बरोबर तीस हजार.

'पावसाळा' हे काय, असे आम्ही विचारले. त्याने सांगितले की जून आणि जुलैमध्ये कमाई एकवीस हजारांवर येते. त्या दोन महिन्यांत 'पावसाळा' या सदरात काही टाकायचे नसते. तरीही खर्च साडेअठ्ठावीस हजार राहतोच. दर महिन्याला साडेसात हजारांची तूट, म्हणजे दोन महिन्यांची पंधरा हजार. ती उरलेल्या दहा महिन्यांत दीड-दीड हजाराने आधीच भरून ठेवायची. पूर्वी हीच तूट उसनवारीने भरली जाई आणि ती फेडण्यात दिवाळी उलटून जाई.

आणि 'पोस्ट' म्हणजे घर. पोस्टाचे पाच वर्षांचे आवर्ती ठेव खाते त्यांनी त्या वेळी दोन वर्षांपूर्वी उघडले होते. ऑक्टोबर २०२३ पासून या ठेवीवर ६.७ टक्के व्याज आहे. त्या दराने महिना ५,००० रुपयांचे साठ हप्ते भरले की तीन लाखांचे सुमारे ३,५६,००० रुपये होतात. शहराच्या कडेला वीस लाखांपर्यंतचे लहानसे घर त्यांनी मनात धरले आहे. तीस लाखांपर्यंतच्या गृहकर्जात बँकेला घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत कर्ज देता येते. म्हणजे दोन लाख स्वतःचे हवेत. मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च सामान्यतः त्या किमतीत धरला जात नाही, तो वेगळा हवा. घर पत्नीच्या नावावर घेतले तर महाराष्ट्रात एप्रिल २०२१ पासून मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे, हेही तिनेच आम्हांला सांगितले. साडेआठ टक्के व्याज धरले तर अठरा लाखांच्या कर्जाचा वीस वर्षांचा हप्ता साडेपंधरा हजारांच्या वर जातो. भाडे आणि पोस्ट मिळून आज साडेअकरा हजार जातात. उरलेले चार हजार कोठून आणायचे? "तेवढे शिवण वाढवायचे आहे, फादर. अजून वेळ आहे," ती म्हणाली.

तेवढ्यात आमची नजर पानाच्या तळाशी गेली. तेथे पेन्सिलीने एक ओळ लिहिली होती: 'फादर ज्युबिली २,०००'. तिच्यापासून निघालेला बाण वर 'पावसाळा' या शब्दापाशी जाऊन थांबला होता. पोस्टाला हात लावायचा नाही, तो पैसा घराचा, असा त्यांचा करार होता. तेव्हा आमच्या मंडपाचा आणि बँडचा पैसा त्या कुटुंबाच्या जून-जुलैच्या जेवणातून यायचा होता.

चहा आमच्या घशाखाली उतरेना. कारण ही ओळ आम्ही पूर्वी एकदा वाचली होती, किंबहुना वाचावयास हवी होती.

आमचे बालपण वसईत गेले. चुलत्यांच्या घराच्या मागील दोन खोल्यांत आम्ही सहा जण राहत होतो. आई डोक्यावर भाजीची टोपली घेऊन बाजारास जाई. बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा तिने फळीवर ठेवला होता. रोजच्या विक्रीतून काहीतरी त्यात पडल्याशिवाय ती जेवत नसे. "हा घराचा डबा," असे ती म्हणे, आणि आम्हा भावंडांना त्याला शिवण्याची मुभा नव्हती. पुढे आम्ही सेमिनरीत गेलो. तेथे दारिद्र्याच्या व्रतावर व्याख्याने ऐकली, परीक्षा दिल्या, आणि तो डबा विसरलो. आमची गुरुदीक्षा झाली तेव्हा गावाने दृष्ट काढावी असा सोहळा झाला. मंडप, वाजंत्री, पाचशे पाने. आम्ही पाटावर बसून ओवाळून घेतले. पैसा कोठून आला, हे आम्ही विचारले नाही. सहा वर्षांनी आई वारली. दफनविधीनंतर थोरला भाऊ सहज बोलून गेला, "घराचा डबा तुझ्या जेवणावळीत गेला. अकरा वर्षांचा होता." आई गेली ती त्याच मागील खोलीतून.

भावाने ते रागाने सांगितले नव्हते. आईनेही तो पैसा आनंदाने दिला असणार. तिच्या दृष्टीने मुलगा धर्मगुरू होणे हे घरापेक्षा मोठे होते. तरीही एक गोष्ट आम्हांला आजवर छळते. तिने आनंदाने दिले म्हणून आमचे न विचारणे क्षम्य ठरत नाही. धर्मगुरूला घर बांधावे लागत नाही; बदलीच्या पत्राबरोबर त्याला घर मिळते. म्हणूनच दुसऱ्याच्या घराची एकेक वीट कोठे खर्ची पडते, हे त्याच्या ध्यानात येत नाही. बुरूज बांधू पाहणाऱ्याने आधी बसून खर्चाचा अंदाज घ्यावा, या लूककृत शुभवर्तमानातील दाखल्यावर आम्ही कितीतरी प्रवचने दिली. बांधणाऱ्याच्या खिशातून आपण काय काढून घेतो, याचा हिशेब मात्र कधी मांडला नाही.

आणि असा हिशेब मांडणारे आपल्याच समाजात होऊन गेले आहेत. वसईच्या शेतकऱ्याला सावकाराच्या दारातून सोडविण्यासाठी १९१८ साली बॅसीन कॅथॉलिक सहकारी संस्था उभी राहिली, जी आज बँक म्हणून आपण ओळखतो. तिच्या मुळाशी मोन्सिग्नोर पी. जे. मोनीस हे धर्मगुरू होते. त्याच वर्षी मुंबईत साल्सेट कॅथॉलिक सहकारी गृहनिर्माण संस्था निघाली आणि वांद्र्यात मध्यमवर्गीय कुटुंबांना हक्काची घरे मिळण्याची वाट खुली झाली. सातासमुद्रापलीकडे कॅनडातील नोव्हा स्कोशियात रिझर्व्ह माइन्स या खाणगावी फादर जेम्स टॉम्पकिन्स हे धर्मग्रामाचे प्रमुख होते. कोळसा खाणीतील मजूर त्यांच्याभोवती रात्री अभ्यासाला बसत: कर्ज म्हणजे काय, व्याज कसे चढते, घराला किती लाकूड लागते. मग त्यांनी पैसे साठवून १९३८ साली स्वतःच्या हातांनी घरे उभारली. त्या वस्तीला टॉम्पकिन्सव्हिल असे नाव पडले. या धर्मगुरूंनी लोकांना आधी हिशेब शिकविला. घरे त्यामागून आली.

पुढच्या रविवारी मिस्सानंतर आम्ही वर्गणी रद्द केल्याचे जाहीर केले आणि जमा झालेली रक्कम ज्याची त्याला परत करावयास सांगितले. कारण सांगताना त्या जोडप्याचा उल्लेख केला नाही, आईचा केला. डिसेंबरात मिस्सा झाली, नंतर देवळाच्या आवारात चहा आणि घरोघरून आलेल्या करंज्या. सर्वांना हे रुचले असे नाही. समितीतील एक वृद्ध गृहस्थ आम्हांला म्हणाले, "फादर, आम्हांला द्यायचे होते. तुम्ही आमचा आनंद काढून घेतलात." त्यांच्या म्हणण्यातही तथ्य आहे. काना गावच्या लग्नात प्रभूने पाहुण्यांना काटकसर शिकविली नाही. गरिबाला सणाची गरज श्रीमंतापेक्षा अधिक असते. त्या गृहस्थांना देण्याजोगे पुरते उत्तर आमच्यापाशी आजही नाही. एवढेच म्हणता येते की आनंदाचा खर्च ज्याने त्याने आपल्या वहीत आपल्या हाताने लिहावा; समितीने माणशी ठरवून तो त्याच्या पावसाळ्यातून काढू नये.

तेव्हापासून महिन्याच्या पहिल्या रविवारी काही कुटुंबे वह्या घेऊन आमच्याकडे बसतात. आम्ही अर्थशास्त्री नव्हे. त्या बाईकडून शिकलेले चार शब्द पुढे सांगतो. पगार हाती येताच बचत प्रथम बाजूला काढावी. महिन्याअखेर उरेल ते साठवू म्हणणाऱ्याचे काही उरत नाही. वर्षातले वाईट महिने ठाऊक असतात, त्यांची तरतूद चांगल्या महिन्यांत करावी. लग्न, बाप्तिस्मा, प्रथम कम्युनियन यांचा आकडा पाहुण्यांची यादी करण्यापूर्वी लिहावा. भावी हप्ता आणि आजचे भाडे यांतील फरक आतापासूनच बाजूला टाकून पाहावा. तो झेपला तर घर झेपेल. आणि चढ्या व्याजाच्या मोहाने घराचा पैसा कोठेही ठेवू नये. बँकेतील ठेवीला २०२० पासून पाच लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. पतसंस्थेतील ठेवीला ते नाही, आणि भिशीला तर नाहीच.

यंदाही जूनमध्ये आम्ही त्या घरी गेलो. खोल्या त्याच, वही नवी. पोस्टाचे छत्तीस हप्ते भरून झाले आहेत. चोवीस राहिले आहेत. मुलीने चित्रकलेच्या वहीत एक घर काढले होते, त्याला पाच खिडक्या होत्या. वडील हसून तिला म्हणाले, "बाय, एवढ्या खिडक्यांचे पैसे नाहीत गो." तिने एक खिडकी खोडली आणि चार ठेवल्या.

निघताना तिच्या आईने वहीचे पान आमच्यापुढे धरले. चर्च, ५००. "हे बरोबर आहे ना, फादर?" तिने विचारले. आम्ही ती ओळ या वेळी सावकाश वाचली आणि मग होय म्हणालो.