आकडा नव्हे, जोडी पाहावी

गडचिरोली जिल्ह्यातील धानोऱ्यासारख्या अरण्याने वेढलेल्या गावात दुकाने मिटली की शांतता लवकर उतरते. घरातील संगीताला तेथे फार वॅट लागत नाहीत. तरीही खरेदीस गेलेला व्यापारी ॲम्प्लिफायरवरील वॅटचाच आकडा पाहतो. खरा हिशेब निराळा आहे. ८ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले, की भार ४ ओहमचा होतो. तो न पेलणारा ॲम्प्लिफायर तापतो, प्रसंगी जळतो. ८७ऐवजी ९० डेसिबल संवेदनशीलतेचा स्पीकर निम्म्या वॅटमध्ये तेवढाच आवाज देतो. दुबळ्या ॲम्प्लिफायरला ताणले, तर फाटलेला आवाज आधी ट्विटर जाळतो. उधारी देताना ऐपत पाहणाऱ्याने येथेही ती पाहावी. अन्यथा दुरुस्ती होईपर्यंत आजींचे सायंकाळचे स्तवन मुके राहते.