दहा तासांचा रकाना

भिवंडीतील एका वाहतूक कंपनीत मी बावीस वर्षे कारकुनी करतो. बिल्ट्या, डिझेलचा हिशेब, चालकांचा भत्ता हे माझे काम. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्ग पूर्ण खुला झाला, तेव्हा वाटले, आपल्या चालक बांधवांचे हाल थोडे कमी होतील. पण नागपूरच्या गाडीपुढे 'पोच वेळ' या रकान्यात जुना आकडा खोडून 'दहा तास' लिहायला सांगण्यात आले. रस्त्याने वाचवलेला वेळ मालकाच्या खात्यात जमा झाला. उशीर झाला की भत्त्यातून कपात, आणि ती लिहिणारा हात माझाच.

माझे दाजी दुसऱ्या एका मोठ्या कंपनीचा ट्रेलर चालवतात. मागे घरी आले, तेव्हा जेवता जेवता त्यांचा डोळा लागला. घास हातातच. ताईने हलवून जागे केले. मी उगाच शहाणपणा केला, "दाजी, आता गाडीला स्पीड गव्हर्नर आहे. ऐंशीच्या वर जात नाही. मग काळजी कसली?"

"अहो कारकूनसाहेब," दाजी म्हणाले, "ऐंशी झाले की तो इंजिनाचं डिझेल तोडतो, एवढंच. खंडाळ्याच्या उतारावर मालाचं वजनच गाडीला ढकलतं, तिथं तो ब्रेक मारत नाही. आणि माझी झोप कोण तोडणार?"

मी बी.कॉम. झालेला माणूस. त्या रात्री वहीच्या मागच्या पानावर गणित मांडले. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटर. दहा तासांतून जेवण, चहा, टोल यांना एक तास सोडला, तर उरले नऊ. म्हणजे सरासरी ताशी ७८! ज्या गाडीची कमाल मर्यादाच ८०, तिने भरल्या मालानिशी, चढउतार धरून ७८ ची सरासरी राखायची. झोप मारल्याशिवाय किंवा गव्हर्नरची वायर काढल्याशिवाय हा रकाना जुळत नाही. आणि तो मी सुवाच्य अक्षरात लिहीत होतो.

१ ऑक्टोबर २०१५ पासून आपल्याकडे नव्या मालवाहू गाड्यांना गव्हर्नर सक्तीचा झाला. युरोपात तो १९९४ पासून मोठ्या ट्रकांना आहे, ताशी ९० चा. पण तिथे चालकाच्या तासांची नोंद ठेवणारे यंत्रही गाडीत असते. साडेचार तास चालवले की पाऊण तास विश्रांती, दिवसाला साधारण नऊ तास. आपल्याकडेही १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाचे आठ तास ठरवले होते. आमच्या कार्यालयात तो कायदा कुणी उघडलेला मला आठवत नाही. मीही नाही.

दुसऱ्या दिवशी गणिताचा कागद घेऊन मालकांकडे गेलो. 'पोच वेळ : चौदा तास' असे खाली लिहिले होते. त्यांनी तो शांतपणे वाचला. म्हणाले, "समोरची कंपनी दहा तासांत पोचवते. तिचा माल मला कोण देईल?"

समोरची कंपनी म्हणजे दाजींची.

कागद अजून त्यांच्या टेबलावर पेपरवेटखाली आहे. या महिन्यात मी कपातीचा रकाना कोरा ठेवला. अद्याप कुणी विचारलेले नाही.