ताटाची पारख

स्टेनलेस स्टीलचे ताट आपल्या घरात इतके अंगवळणी पडले आहे की, ते कसे घडते याचा विचार सहसा मनात येत नाही. आमच्या बालपणी सोलापुरात पितळी ताटे होती. कल्हई उडाली की आंबट पदार्थ कळकत आणि कल्हईवाल्याची वाट पाहावी लागे. स्टील आले आणि ती यातायात संपली.

बँकेच्या सेवेत असताना काही वर्षे भाईंदर परिसरातील भांड्यांच्या कारखान्यांत नजरगहाण मालाच्या तपासणीसाठी मला जावे लागे. तेथे ताटाचा जन्म जवळून पाहिला. पत्रा मात्र मोठ्या पोलाद कारखान्यांतून येतो. तेथे भंगार स्टील, क्रोमियम आणि निकेल विद्युतभट्टीत वितळवतात, ऑक्सिजन व आर्गॉन वायू सोडून त्यातील कार्बन घटवतात. ओतलेल्या जाड लादीला आधी तापवून आणि मग थंड अवस्थेत रुळांमधून काढून तिचा पातळ पत्रा करतात.

या पत्र्यातून 'सर्कल' कापतात. चौकोनातून वर्तुळ काढले की, कोपऱ्यांत सुमारे 21 टक्के धातू उरतो. आमच्या तपासणीत या कातरणीचीही नोंद असे, कारण ती वाया जात नाही. पुन्हा भट्टीत जाते. सर्कल डायमध्ये ठेवून प्रेसचा दाब दिला की, ताटाला खोली येते. मग काठ वळवतात आणि शेवटी फिरत्या चाकावर पॉलिश करतात. पॉलिशवाल्या कामगाराचे तोंड फडक्याने बांधलेले आणि हात काळवंडलेले असत. आपल्या ताटातली चकाकी त्याच्या श्रमातून येते, हे मी तेव्हापासून विसरलो नाही.

परंतु चकाकी ही पारख नव्हे. गंजरोधक गुण धातूच्या घटकांत असतो. स्टीलमध्ये किमान 10.5 टक्के क्रोमियम असले की, हवेच्या संपर्काने पृष्ठभागावर अतिसूक्ष्म थर तयार होतो. ओरखडा पडला तरी तो पुन्हा धरतो. 304 या प्रतीत सुमारे 18 टक्के क्रोमियम व 8 टक्के निकेल असते. स्वस्त 200 मालिकेत निकेल कमी करून मँगनीज घालतात. मीठ आणि आंबटापुढे ती लवकर डागाळते. चुंबक लावून पाहण्याची आपली पद्धत येथे उपयोगी पडत नाही, कारण या दोन्ही प्रतींना चुंबक सहसा चिकटत नाही. म्हणून बिलावर प्रत लिहून घ्यावी आणि आयएसआय चिन्ह पाहावे. 2024 च्या शासकीय आदेशाने स्टीलच्या भांड्यांना ते आवश्यक केले आहे.

काठही बोटाने तपासावा. दुमड नीट बसली नसेल तर तिच्या फटीत अन्नकण अडकतात. ताट धुऊन ते पाणी पिण्याची रीत पाळणाऱ्या आपल्या घरांत तर हे विशेष महत्त्वाचे.

गेल्या वर्षी आईच्या स्मरणार्थ एका भोजनगृहाला ताटे द्यायचे आम्ही भावंडांनी ठरवले. ठरलेल्या रकमेत स्वस्त प्रतीची दोनशे येत होती, 304 ची बरीच कमी. धाकट्या भावाचे म्हणणे, पंगतीला संख्या लागते. त्यातही तथ्य होते. अखेर कमी ताटे घेतली. आणखी काही पुढच्या वर्षी देऊ. आईचे नाव मागच्या बाजूला घातले. पुढची बाजू जेवणाऱ्याची.