बोलीचा सूत्रधार

राजाश्रय नसलेली भाषा कोणाच्या बळावर तगते, हा प्रश्न महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्यासारख्यांना नवा नाही. या प्रश्नापाशी आलो की आम्हांस अब्राहम गोल्डफाडन या ज्यू नाटककाराचे चरित्र आठवते.

१८४० साली रशियन साम्राज्यात, आजच्या युक्रेनमध्ये, एका घड्याळजीच्या घरी त्यांचा जन्म झाला. पूर्व युरोपातील ज्यूंच्या घरोघरी यिद्दिश बोलली जाई. परंतु धर्मग्रंथांचा मान हिब्रूला आणि विद्वत्तेचा जर्मन-रशियनला. यिद्दिशला शिकलेली मंडळी अशुद्ध बोली म्हणून हिणवीत. गोल्डफाडन यांनी तिच्यातच गाणी रचली. विद्यार्थिदशेत त्यांनी एका यिद्दिश नाटकात नायिकेची भूमिका केली होती. बालगंधर्वांच्या आठवणी ऐकत वाढलेल्या आम्हांस याचे नवल वाटले नाही.

१८७६ मध्ये रुमानियातील याश शहरी, एका मद्यालयाच्या बागेत, त्यांनी गायकांच्या गाण्यांना कथानकाची जोड दिली आणि यिद्दिशची पहिली व्यावसायिक नाटक मंडळी उभी राहिली. लेखक तेच, चालक तेच, तालीम घेणारेही तेच. स्वरलिपी त्यांना वाचता येत नसे. प्रार्थनेचे सूर, लोकगीते, परक्या संगीतिकांतील चाली जे कानी पडेल ते त्यांनी रंगभूमीवर आणले. चारच वर्षांनी, १८८० मध्ये, आपल्या बेळगाव भागातील अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात ‘शाकुंतल’ रंगविले, हा योगायोग मनाला सुखावतो.

१८८३ मध्ये रशियाने यिद्दिश नाटकांवर बंदी घातली. मंडळ्या लंडन, न्यूयॉर्ककडे पांगल्या. गोल्डफाडनही अखेरीस न्यूयॉर्कला गेले. उतारवय ओढगस्तीत गेले. १९०७ च्या डिसेंबरात त्यांचे शेवटचे नाटक रंगमंचावर आले आणि जानेवारी १९०८ मध्ये ते निवर्तले. अंत्ययात्रेस हजारो लोक लोटले. पुढे नाझींनी सुमारे साठ लाख ज्यूंची हत्या केली. त्यांतील बहुसंख्य यिद्दिशभाषक होते. तरीही न्यूयॉर्कमध्ये १९१५ साली स्थापन झालेली एक यिद्दिश नाट्यसंस्था आजही प्रयोग करते.

सरकारी नोकरीत आमचे सारे आयुष्य हिंदी फायलींत गेले. मराठी उरली ती घरात आणि नाटकाच्या प्रयोगांत. नातवंडांना मराठी कळते, पण प्रयोगाला प्रेक्षागृहात पाहावे तर पांढरी डोकीच अधिक. गोल्डफाडन यांच्या बोलीला ना राज्य होते, ना अनुदान. होता तो तिकीट काढून येणारा शिंपी, हमाल, फेरीवाला. आपल्या मराठीला तेवढाच आधार हवा आहे, आणि तो देणे आपल्या हाती आहे.