कापूस अडकतो तिथे

वेचणीच्या दिवसांत अकोल्याकडच्या कुठल्याही वाटेने जा, पऱ्हाटीवरून, भरलेल्या गाड्यांच्या मागून, बाभळीच्या काट्यांवरून पांढरी पुंजकी भुरभुरत असतात. त्यातले एखादे मी हटकून खिशात घालतो. गळाच्या काठीचे दुखणे त्याच्याइतके नेमके कोणी सांगत नाही.

काठीवर रिळापासून शेंड्यापर्यंत गाईड असतात. रिळाजवळचे मोठे, पुढे लहान होत गेलेले, शेंड्यावरचे अगदी बारीक. धातूच्या चौकटीत गुळगुळीत सिरॅमिकचे कडे, आणि त्यातून तंगूस, गळाचा नायलॉनचा दोरा, सरसरत जातो. कडे ओढत नाही, धरत नाही. नुसती वाट देते. पण काठी कुठे बांधावर आपटते, कुठे मोटारसायकलवर खडीच्या रस्त्याने हादरत येते, आणि त्या गुळगुळीतपणाला केसाएवढा तडा जातो. डोळ्यांना तो दिसत नाही, बोटाला कळत नाही. मग कापसाचे पुंजके कड्यातून हळूच गोल फिरवायचे. एक तंतू अडकतो.

तिथेच.

महानला, काटेपूर्णेच्या धरणावर, तंगूस माशासकट गेला तेव्हा शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या भोईकाकांनी उरलेले टोक दोन बोटांत धरून जिभेवरून फिरवले. म्हणाले, “तुटला नाही बाप्पा, कापल्या गेला.” मासा गेल्याची हळहळ त्या एका वाक्यात विरून गेली. ओढीने तुटणे वेगळे. ज्याच्या भरवशावर पुढे जायचे त्यानेच रोज थोडे थोडे कापत राहणे वेगळे.

पूर्वी बांबूच्या चांगल्या काठ्यांच्या कड्यांना अकीकाचे अस्तर असे. अकीक जन्मतो लाव्हा थंड होताना राहिलेल्या पोकळ्यांत, म्हणजे वऱ्हाडच्या काळ्या मातीखाली जो काळा फत्तर पसरला आहे तसल्याच दगडाच्या पोटात. आगीतून आलेल्या दगडाच्या मऊ कडेवरून पाण्याकडे सरकणारा धागा मला फार सुंदर वाटतो.

दुरुस्ती रात्री करावी, घर निजल्यावर. गाईड काठीला बांधणारा दोऱ्याचा जुना गुंडाळा गाईडच्या धातूच्या पायाच्या बाजूनेच कापायचा, म्हणजे पाते काठीला लागत नाही. थोडी ऊब दिली की जुने इपॉक्सी सैल होते, नखाने निघते. नव्या गाईडचा पाय कानशीने घासून इतका पातळ करायचा की दोरा त्यावर अडखळल्याशिवाय चढेल. मग मुठीकडून एक डोळा मिटून शेंड्यापर्यंत पाहायचे, सगळी कडी एका रेषेत येईतो हलवायचे, आणि वेढ्याला वेढा खेटून, न सैल न घट्ट, काठी बोटांत फिरवत फिरवत दोरा गुंडाळत न्यायचा. शेवटच्या वेढ्यांखाली एक फासा ठेवून टोक त्यातून ओढून घ्यायचे, की ते आपल्याच वेढ्यांखाली नाहीसे होते. गाठ नाही. स्क्रू नाही, खिळाही नाही, कारण काठीला भोक पडले की तिचे वाकणेच मरते. एवढ्या मोठ्या रोहूची झेप पेलायची ती बारीक दोऱ्याने.

वर इपॉक्सीचा हात. ते एका बाजूला ओघळू नये म्हणून घट्ट होईपर्यंत काठी सावकाश फिरवत राहावी लागते. या फिरवण्यात मन कुठे कुठे जाऊन येते. सिंभोऱ्याला नल-दमयंती सागरावर संध्याकाळी तांबूस होणारे पाणी आठवते. वर्धेचे ते पाणी पूर्वेच्या समुद्राला जाणारे, आणि काटेपूर्णेचे पूर्णेतून, तापीतून पश्चिमेच्या. एकाच मुलखाचे पाणी असे पाठमोरे होऊन निघते, आणि ही काठी दोन्हीकडे वाकलेली आहे.

तडा गेलेले कडे वापरत राहिले की तंगूस कापला जातो आणि काठावरच्या झुडपांत, गाळात तसाच राहतो. तो कुजत नाही. बगळ्याच्या, पाणकावळ्याच्या पायांत गुंततो. म्हणून गळ घेऊन निघण्याआधी प्रत्येक कड्यातून कापूस फिरवून पाहा, आणि तंगूस तुटलाच तर हाती लागेल तेवढा गोळा करून घरी आणा.