गोनिओ

अंगाने अगदी किरकोळ. पारदर्शक प्लास्टिकच्या दोन पट्ट्या, त्यांना जोडणारा रिव्हेट आणि त्याभोवती अंशांच्या बारीक रेघा. पूर्ण नाव गोनिओमीटर. पण फिजिओथेरपिस्टच्या ॲप्रनच्या खिशात राहून सगळ्यांचा ‘गोनिओ’ झालेला.

पक्षाघातानंतर हात कोपरात आखडू लागला, की याचं काम सुरू होतं. रिव्हेट कोपराच्या बाहेरच्या हाडावर, एक पट्टी दंडाच्या रेषेत, दुसरी मनगटाकडे.

स्वभाव एकमार्गी. कोन सांगतो, जोराबद्दल बोलत नाही. स्नायूंचा ताठरपणा मोजणारी 1964ची ॲशवर्थ श्रेणी त्याच्याशिवाय चालते. तिथे थेरपिस्टच्या हाताला जाणवलेल्या विरोधाला 0 ते 4 अंक मिळतात. 1987मध्ये बोहॅनन आणि स्मिथ यांनी त्यात ‘1+’ घातला. गोनिओला खरा मान दिला तो फ्रान्सच्या गी तार्द्यू यांच्या पद्धतीने. स्पॅस्टिसिटी, म्हणजे हा ताठरपणा, हात हलवण्याच्या वेगासरशी वाढते, म्हणून हात आधी अगदी सावकाश सरळ करायचा, मग होईल तितक्या झपाट्याने. सावकाश नेताना तो जिथवर पोचला, तो एक कोन. झपाट्यात स्नायूने जिथे अडवलं, तो दुसरा.

समजा, सावकाश नेताना कोपर सरळ व्हायला 10 अंशच उरले आणि झपाट्यात ते 90वरच अडलं. मधले 80 अंश प्रतिक्षिप्त क्रियेने अडवलेले. तिथे बोट्युलिनम टॉक्सिनचं इंजेक्शन उपयोगी पडू शकतं. पण सावकाशही 70च्या पुढे सरळ होत नसेल आणि झपाट्यात 80वर अडत असेल, तर स्नायूच आखूड झालाय. तिथे नुसत्या महागड्या इंजेक्शनने भागत नाही. ताण, स्प्लिंट, चिकाटी लागते.

गोनिओ खोटं बोलत नाही, पण त्याला फसवता येतं. थंडी, वेदना, भीती, तुंबलेली लघवी, सगळ्यांनी स्नायू अधिक ताठरतो. म्हणून जाणती फिजिओ आधी विचारते, “काका, लघवीला जाऊन आलात ना? कुठे दुखतंय का?” बैठक तीच ठेवते, वेळही तीच.

‘हात कडक आहे’ एवढंच सांगून घरच्यांना परत पाठवणं हा त्यांच्यावर अन्याय आहे. रोज सकाळ-संध्याकाळ तो हात तेच हलवतात. दोन्ही कोन तारखेसह त्यांच्या फाइलवर लिहिलेले असावेत. पैसा आणि मेहनत कशावर लावायची, हे कळण्याचा त्यांना हक्क आहे.